मनगटाला धरून

आई,

आज तुला मातीच्या भांड्यांविषयी सांगायचे आहे. आपल्या घरातल्या रांजणाविषयी किंवा लोणच्याच्या बरण्यांविषयी नव्हे. ही भांडी ग्रीस नावाच्या देशात अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी घडवली, रंगवली, भाजली, आणि आज ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेच्या पेट्यांमध्ये उभी आहेत. तू गेलीस तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि अमेरिका हा शब्द मला फक्त रेशनच्या गव्हामुळे माहीत होता. आता मी त्याच देशात, न्यू जर्सी राज्यातल्या वेस्ट विंडसर या गावात राहतो. बी. कॉम. झालो, पुण्यात हिशेबाच्या नोकऱ्या केल्या, आणि पुढे हिशेबाचे काम संगणकावर चढवणाऱ्यांमध्ये सामील झाल्यामुळे चाळिशी उलटल्यावर इकडे आलो. तुला सून आहे, नात आहे. तू ज्या वयात गेलीस ते वय गाठायला तुझ्या नातीला आता फार वर्षे उरलेली नाहीत. हे सगळे तुला एका दमात सांगून टाकतो, कारण मला ज्याविषयी लिहायचे आहे ते याहून लहान आहे आणि त्याला जागा हवी आहे.

भांड्यांपर्यंत मला मुलीने नेले. कॉलेजात तिने एक विषय घेतला होता, आणि त्यासाठी एका ग्रीक भांड्याचे चित्र काढून आणायचे होते. मी गाडीने तिला संग्रहालयात सोडले आणि वेळ घालवायला आत गेलो. तिचे चित्र काढून झाले तरी मी पहिल्याच पेटीपाशी होतो. "बाबा, प्लीज, ग्लासला नाक लावू नका, गार्ड बघतोय," ती म्हणाली. मी म्हटले, लेबल वाचतो आहे. "तुम्ही प्रत्येक लेबल वाचताय. नोबडी डझ दॅट." पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो. त्यानंतरच्याही. वर्षभराने संग्रहालयाला अशा स्वयंसेवकांची गरज भासली, ज्यांनी शनिवार-रविवारी पाहुण्यांना दालनातून हिंडवून माहिती द्यावी. त्यासाठी काही महिने शिकवणी आणि शेवटी परीक्षा होती. मी नाव दिले. तुझी सून भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, आपल्या घरात कपबश्या कुठल्या कपाटात आहेत ते तुम्हाला माहीत नाही, आणि तिकडे जाऊन लोकांना भांडी दाखवणार?" तिचे म्हणणे बरोबर होते.

पण काय भांडी आहेत ती, आई! मी आधी समजत होतो की काळा रंग वरून फासलेला असेल. तसे नाही. भांड्याचीच माती पाण्यात निवळून निवळून तिचा अगदी बारीक गाळ करायचा आणि त्याने चित्र काढायचे. त्या वेळी चित्र जेमतेम दिसते, कारण मातीवर मातीच असते. मग भट्टी. आधी हवा आत येऊ द्यायची, सगळे भांडे लाल होते. मग हवा कोंडायची, सगळे काळे होते. मग पुन्हा हवा सोडायची; बाकीचे भांडे परत लाल होते, पण गाळाने रंगवलेला भाग काळाच राहतो. म्हणजे आपण काढलेले चित्र बरे उतरले की नाही हे त्या माणसाला भट्टी निवून उघडेपर्यंत कळत नसे. जुन्या पद्धतीत माणसे काळी आणि पार्श्वभूमी लाल; डोळे, दाढ्या, कपड्यांच्या चुण्या या टोकदार हत्याराने काळ्यावर ओरखडून काढलेल्या. पुरुष काळे ठेवत आणि बायकांच्या अंगावर पांढरा हात देत. पुढे कोणीतरी सगळे उलटे केले, पार्श्वभूमी काळी आणि माणसे लाल. ज्याच्या मनात हे उलटे करायचे प्रथम आले असेल, त्याला शेजारच्या कुंभारांनी काय म्हटले असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काही चित्रांत माणसांच्या शेजारी त्यांची नावे लिहिलेली असतात. आणि काहींत नुसतीच अक्षरे असतात, ज्यांचा अर्थच होत नाही. लिहिता न येणाऱ्या रंगाऱ्याने भांडे सुशिक्षित दिसावे म्हणून ती काढली असावीत, असे एक मत आहे. मला ते मत आवडते.

नावे नसतील तेव्हा कोण कोण ते अंगावर आणि हातात काय आहे त्यावरून ओळखायचे. सिंहाचे कातडे पांघरलेला तो हेराक्लीस, आपल्या भीमाच्या जातीचा. शिरस्त्राण घातलेली आणि छातीवर सापांची झालर असलेली ती अथीना. शिकवणीत इतरांना हे पाठ करावे लागले, मला लागले नाही. आपल्या चुलीसमोरच्या भिंतीवर तेलाच्या दुकानाचे कॅलेंडर होते, दर महिन्याला वेगळा देव. मी घाईने नाव ठोकून द्यायचो. तुझे हात भाकरीच्या पिठात असायचे, म्हणून तू कोपराने चित्राकडे दाखवायचीस आणि म्हणायचीस, "नाव मागाहून. आधी हातात काय आहे ते बघ." एकदा मी दत्ताला ब्रह्मदेव म्हटले, तेव्हा तू मला तसेच उभे करून सहाही हातांतल्या वस्तू म्हणून दाखवायला लावल्यास, आणि तव्यावरची भाकरी त्या नादात करपली. ती करपलेली भाकरी तू स्वतःच्या पानात घेतलीस. हिशेब तपासताना मी आजही आधी आकडे पाहतो आणि खात्याचे नाव मागाहून वाचतो. माझे सहकारी हसतात.

तुझ्याविषयी माझ्याजवळ आठवणी इतक्या थोड्या आहेत की त्या मी नीट ठेवल्या आहेत. त्यांतली सर्वांत स्पष्ट आठवण ही. घरामागचा ओटा. दुपार. तू बसली आहेस आणि तुझ्यासमोर एक माणूस उकिडवा बसला आहे. त्याने तुझे मनगट धरले आहे. तो कासार आहे. दुसऱ्या हाताने तो तुझी बोटे गोळा करतो, दाबतो, आणि हिरवी बांगडी हातावरून मागे सारतो. तो काहीतरी म्हणतो आणि तू हसतेस. मोठ्याने हसतेस. त्यानंतरची आठवण म्हणजे मी शेजारच्या घरी आहे, मला पोटभर गूळ-शेंगदाणे मिळाले आहेत आणि घरी जायचे नाही असे सांगितले आहे. म्हणजे मी तुला जिवंत पाहिल्याची शेवटची आठवण हसण्याची आहे, हिरव्या बांगड्यांची आहे. धाकट्या काकाच्या लग्नासाठी तू चुडा भरून घेत होतीस, असे मी आजवर समजत आलो. तू आनंदात होतीस आणि मग अचानक गेलीस. अचानक जाण्याचे दुःख मोठे असते, पण त्यात एक सोय असते: आधीचे सगळे दिवस तसेच्या तसे चांगले राहतात.

आता परीक्षेकडे येतो. आमच्या शिक्षिका पूर्वी शाळेत लॅटिन शिकवत. सत्तरीच्या, काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांची रीत अशी की परीक्षेच्या भांड्याचे लेबल कोरा पुठ्ठा लावून झाकायचे. जे दिसते ते आधी सांगा, वाचलेले मागाहून. मला रीत पसंत होती. ती मी चुलीसमोर शिकलो होतो. माझ्या वाट्याला एक उभट, सडपातळ, पांढरी कुपी आली. चित्र बारीक रेघांचे. उंच, तरणाबांड पुरुष पुढे चालतो आहे आणि मागे वळून पाहतो आहे. त्याने एका स्त्रीचे मनगट धरले आहे. स्त्रीने मान किंचित झुकवली आहे आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचे वस्त्र सावरले आहे. मी आधी हात पाहिले. आणि बाकी दहा-बारा स्वयंसेवकांसमोर स्वच्छ इंग्रजीत सांगितले की हे लग्न आहे. नवरदेव वधूला घरी नेतो आहे. आमच्याकडेही लग्नविधीत वर वधूचा हात हाती घेतो, त्याला पाणिग्रहण म्हणतात, आणि आमच्या संस्कृतीत, वगैरे. लोक माना डोलावत होते. मी चांगला बोलत होतो.

बाई म्हणाल्या, "सुंदर. आता मला सांगा, हा नवरदेव पायात काय घालून आलाय?"

मी वाकून पाहिले. घोट्यापाशी लहानसे पंख होते. पाठीवर प्रवाशाची टोपी लोंबत होती. हातात दूताची काठी होती. तो हर्मीस होता, देवांचा निरोप्या, ज्याचे आणखी एक काम मेलेल्यांना वाट दाखवण्याचे असते. पेटी भिंतीपासून सुटी होती. "जरा मागे जाऊन या," बाई म्हणाल्या. कुपी गोल होती. तिच्या वळणाआड लव्हाळे होते, होडीचे टोक होते, आणि होडीत वल्ह्यावर रेललेला एक म्हातारा वाट पाहत होता. तो कॅरॉन, पलीकडे नेणारा नावाडी. ही कुपी थडग्यावर ठेवण्याची होती. एवढा नेमका माणूस मी, पण भांड्याला एक फेरी मारली नव्हती.

सगळ्यांना माझी कीव आलेली मला दिसली. बाईंना मात्र आली नाही. त्या खूश दिसत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही चुकलात, पण चुकीच्या जागी नाही चुकलात. मनगट धरण्याची ही खूण हे लोक बहुतेक दोनच प्रसंगी काढत. नवरा बायकोला घरी नेतो तेव्हा, आणि हा तिला तिकडे नेतो तेव्हा." मग त्यांनी पर्सेफनीची कथा सांगितली. फुले वेचणाऱ्या मुलीला पाताळाचा राजा रथातून घेऊन जातो. आईच्या लेखी ते अपहरण आणि त्याच्या लेखी लग्न. आई पृथ्वीवर काही पिकू देत नाही, तेव्हा कुठे मुलगी वर्षातले काही महिने परत मिळते. आणि मला बरे वाटावे म्हणून की काय, त्या कुपीची एक गंमत सांगितली. अशा काही कुप्यांच्या पोटात वरच्या बाजूला एक छोटी वाटी दडवलेली असते. तेवढी वाटी भरली की कुपी काठोकाठ तेलाने भरल्यासारखी दिसते. मेलेल्याला काय कळणार, आणि जिवंतांना तेल महाग. मी हिशेबनीस आहे हे त्यांना माहीत होते. मी हसलो. परीक्षा पुढच्या महिन्यात पुन्हा द्यावी असे ठरले.

परत येताना गाडीत मात्र हसू आले नाही. एकच खूण, दोन प्रसंग. ओट्यावरचा तो माणूस तुझे मनगट धरून बसला आहे, आणि मी लांबून एका बाजूने पाहून ठरवले आहे की हे लग्नाचे काम. मी वळणाआड पाहिले होते का? घरी येऊन मी जे करायला हवे होते ते केले, म्हणजे रुजुवात, एक नोंद दुसरीशी ताडून पाहणे. धाकट्या काकाच्या लग्नाचा फोटो ताईने मला पूर्वीच पाठवला होता. त्यात घरातल्या सगळ्या बायका आहेत. तू नाहीस. माझ्या डोक्याचा गोटा केलेला आहे आणि केस नुकते उगवू लागले आहेत. काकाचे लग्न तू गेल्यानंतर झाले होते. इतकी वर्षे तो फोटो माझ्याजवळ होता.

मग तो माणूस कोण? डॉक्टर नाडी पाहायलाही मनगटच धरतात. हिरव्या बांगड्या मी मागाहून चित्रात घातल्या असतील. तुझे हसणेही मी घातले असेल. तुझी सून म्हणाली, "ताईंना विचारा की. त्या काय इतिहासातल्या आहेत?" मी म्हटले, विचारले आणि तो डॉक्टर निघाला तर? "तर मग डॉक्टर," ती म्हणाली. "पण तुम्हाला असं अर्धवट ठेवून झोप लागणार आहे का?"

रविवारी सकाळी मी फोन-कार्डावरचे लांबलचक आकडे दाबून ताईला सांगलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. तू गेलीस तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती. आता तिचे गुडघे दुखतात आणि तिला कमी ऐकू येते, म्हणून ती फोनवर ओरडून बोलते. गुडघे झाले, पाऊसपाणी झाले, मग मी विचारले.

"ताई, मागच्या ओट्यावर कासार आईला बांगड्या भरत होता. असं काही झालं होतं का गं?"



"तुला आठवतं ते?" ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "अरे, तू खांबाला मिठी मारून उभा होतास. मला पण पायजेत म्हणून भोकाड पसरलं होतंस. मुलग्यांना भरत नाहीत म्हटलं तर आणखीनच."

"हिरव्या होत्या?"

"हिरव्याच की. दुसऱ्या कुठल्या असणार?"

"पण कशासाठी, ताई? काकाचं लग्न तर नंतर झालं."

"तिनंच बोलावून घेतलं होतं त्याला. डॉक्टर आप्पांना काय म्हणाले ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. मला म्हणाली, सवाष्ण गेली की बायका घाईघाईनं बांगड्या भरायला बसतात. हात वळत नाही तेव्हा. निम्म्या फुटतात, भरणारीच्या हाताला काचा लागतात. त्यापेक्षा हात वळतोय तोवर मीच भरून घेते."

मी स्वयंपाकघरात उभा होतो. तुझ्या सुनेने गॅस बंद केला.

"मला ती हसताना आठवते," मी म्हणालो. "मोठ्यानं."

"हसलीच होती. हात एवढासा झाला होता तिचा. कासार म्हणाला, वैनी, ह्या मापाच्या बांगड्या मी शाळेतल्या पोरींना भरतो. तर ही म्हणते, मग शाळेला सुट्टी पडायच्या आत भरा. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. तोही हसला."

"आणि मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तिनं बजावलं होतं. म्हणाली, तो बांगड्या बघून खुशीत आहे, राहू दे त्याला तसंच." मग ताई म्हणाली, "बायका आल्या ना, तेव्हा त्यांतली एक बांगड्या काढायला लागली पिशवीतनं. मी म्हटलं, भरलेल्या आहेत."

आई, मी चूक नव्हतो आणि बरोबरही नव्हतो. तो कासारच होता, बांगड्या हिरव्याच होत्या, हसणे खरे होते. त्यातला काही भाग मी बनवला असेल अशी जी धास्ती होती ती गेली. पण आता मला नवे प्रश्न पडले आहेत, आणि ते फक्त तुलाच विचारता येतील. दाराआडून ते ऐकल्यानंतर कासाराला बोलावणे पाठवण्याचे तुझ्या मनात किती वेळाने आले? हसू आधी आले की बोलणे आधी सुचले? तू मला 'खुशीत' पाहिलेस तेव्हा मी नुकताच रडून थांबलो होतो की रडायचा होतो? तुझ्याजवळ इतके नेमकेपण कुठून आले, भरणारीच्या हाताला लागणाऱ्या काचांपर्यंतचे? माझ्यातले नेमकेपण बापाचे, आप्पांकडून आलेले, असे सगळे म्हणतात. मीही म्हणत असे.

महिन्याने मी परीक्षा पुन्हा दिली. तीच कुपी मागून घेतली. ह्या वेळी आधी तिच्याभोवती फेरी मारली. मग हात पुन्हा पाहिले, आणि पूर्वी न दिसलेले दिसले. हर्मीस स्त्रीला ओढत नाही. ओढ असती तर तिचा हात ताठ झाला असता. रंगाऱ्याने कोपरात एक सैल वळण ठेवले आहे. तिचे पुढचे पाऊल टाचेवर आहे, म्हणजे ते तिने स्वतः टाकलेले आहे. आणि दुसऱ्या हाताने ती वस्त्र सावरते आहे, म्हणजे घरातून निघताना बाईमाणूस जे करते ते. ती कशाला निघाली आहे हे तिला ठाऊक आहे की नाही, एवढे मात्र चित्रातून ठरवता येत नाही, असे मी सांगितले. बाई म्हणाल्या, त्यांनी हे चित्र कितीदा तरी दाखवले असेल, पण टाचेकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. मी उत्तीर्ण झालो. आता महिन्यातून दोन रविवार मी तिथे असतो. लहान मुले त्या कुपीपाशी हमखास विचारतात की हे लग्न आहे का. मी त्यांना आधी मागे जाऊन यायला सांगतो.

हा कागद कुठेही जायचा नाही, हे मला कळते. सुनेला तो दाखवीन, मुलीला वाचून दाखवायचा तर निम्मे इंग्रजीत सांगावे लागेल. ताईला मात्र तो दाखवता येणार नाही, आणि का ते फोनवरच्या ज्या बोलण्यात आहे ते मी वर लिहिलेले नाही. शेवट गाळला आहे. फोन ठेवण्याआधी तिने विचारले, "आईचा चेहरा आठवतो ना रे तुला?" तिने फार जपून विचारले, जसे काही उत्तर चुकले तर तिलाच काही लागणार होते. मी लगेच म्हणालो, "हो, आठवतो की." ती म्हणाली, "बरं झालं बाबा. आप्पा गेल्यापासनं मला वाटायचं, मी एकटीच उरले."

आई, मला मनगट आठवते. बोटांवरचे पीठ आठवते, कोपर आठवते, आवाज आठवतो. चेहरा आठवत नाही.